भाजीच्या वाफ्यातल्या मातीचा सामू कसा मोजावा: फावड्यापासून चुन्याच्या मापापर्यंत

माझ्या भाजीच्या तुकड्यात आठ वाफे आहेत. काही वर्षांपूर्वी मी सगळ्या वाफ्यांतली थोडी थोडी माती उचलली, एका बादलीत कालवली आणि सामू, म्हणजेच पीएच, मोजला. आकडा आला ६.४. भाजीपाल्याला याहून चांगला आकडा कोण मागणार? तरीही खालच्या वाफ्यांतला घेवडा पिवळा पडून खुरटला होता आणि वरच्या कोपऱ्यात मिरचीची नवी पाने पांढरट पडत होती, फक्त शिरा तेवढ्या हिरव्या. पुढच्या वेळी वाफे वेगवेगळे मोजले. खालचे दोन निघाले ५.३ चे, वरचा कोपरा ७.९ चा. खालच्या वाफ्यांना मी वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट देत आलो होतो आणि लाकडाची राख कायम त्याच एका कोपऱ्यात ओतत होतो. दोन्ही दोष बादलीत एकमेकांत मुरले आणि आकडा साळसूद निघाला.

त्यामुळे या लेखात मीटरपेक्षा फावड्याबद्दल जास्त वाचायला मिळेल. सामू मोजताना बहुतेक चुका मोजण्याआधीच होऊन गेलेल्या असतात.

आकडा काय सांगतो

मातीतल्या पाण्यात हायड्रोजनचे आयन किती, याचे माप म्हणजे सामू. १९०९ साली डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन सोरेनसेन यांनी कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करताना ही मोजपट्टी मांडली. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. पट्टीच्या पायऱ्या मात्र सरळ नाहीत. एक अंक खाली म्हणजे आम्लता दहापट, दोन अंक खाली म्हणजे शंभरपट. ५.८ आणि ५.३ मध्ये अर्ध्याच अंकाचे अंतर दिसते, पण आम्लता तिपटीहून जास्त वाढलेली असते.

बहुतेक भाज्या ६.० ते ७.० मध्ये सुखाने वाढतात. ५.५ च्या खाली मातीतले ॲल्युमिनियम विरघळू लागते आणि मुळांची टोके आखूड, जाड, ठेंगणी होतात. स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियमशी जखडला जातो, म्हणजे खत टाकूनही झाड उपाशी. शेंगवर्गाच्या मुळांवर नत्राच्या गाठी नीट धरत नाहीत. मॉलिब्डेनम मिळेनासे होते आणि फ्लॉवरची पाने चाबकाच्या वादीसारखी अरुंद होऊन जातात. उलट ७.५ च्या वर लोह, जस्त आणि मँगनीज मातीत असूनही झाडाच्या हाती लागत नाहीत. माझ्या मिरचीला तेच झाले होते.

काही पिकांची तऱ्हा वेगळी. बटाटा थोड्या आम्ल मातीत मुद्दाम ठेवतात, कारण सामू ५.२ च्या आसपास किंवा खाली असला की सालीवर खरबरीत खपल्या आणणारा रोग दबतो. कोबी-फ्लॉवरच्या मुळांना गाठाळ फुगवणारा क्लबरूट मात्र ७.२ च्या वर दबतो. म्हणजे बटाटा आणि कोबी एकाच वाफ्यात आलटून पालटून घ्यायचे असतील तर दोघांनाही पूर्ण खूश करता येत नाही. पालक, बीट आणि कांद्याला आम्लता सोसत नाही. रताळे बरेच सोसते.

नमुना कधी घ्यावा

पीक निघाल्यानंतर आणि पुढच्या लागवडीच्या दोन-तीन महिने आधी. चुना किंवा गंधक टाकायची वेळ आली तर त्याला मातीत काम करायला एवढा अवधी लागतोच. रासायनिक खत, राख किंवा चुना नुकताच टाकला असेल तर निदान तीन महिने थांबा.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. एकाच मातीचा सामू वर्षभर हलत असतो. कोरड्या दिवसांत आणि खतांचे क्षार साठलेले असताना तो ओल्या दिवसांपेक्षा सहज ०.३ ते ०.५ ने खाली येतो. म्हणून दरवर्षी साधारण त्याच हंगामात नमुना घ्यावा. नाहीतर मातीत काहीही न बदलता आकडा बदललेला दिसेल आणि तुम्ही उगाच चुना ओतत बसाल.

आधी तुकड्याचा नकाशा

कागदावर तुकडा काढा आणि विचार करा: कुठे काय वेगळे घडले आहे? उताराची खालची बाजू, पाणी साठणारी जागा, जिथे शेणखताचा ढीग असायचा तो कोपरा, जिथे पूर्वी बांधकामाचा चुना-सिमेंट पडला तो पट्टा, मातीचा रंग बदलतो ती रेघ. ज्यांचा इतिहास सारखा, त्यांचा एक गट. प्रत्येक गटाचा नमुना वेगळा. छोट्या तुकड्यातही दोन-तीन गट सहज निघतात.

भिंतीलगतची एक-दीड हात जागा सोडा, तिथे चुन्याचे कण झिरपलेले असतात. मोठ्या झाडाची सावली, वाट, बांध आणि खताचा जुना ढीग यांची माती नमुन्यात मिसळू नका. एखादी जागा खरोखरच विचित्र असेल तर तिचा स्वतंत्र नमुना घ्या.

खड्डा आणि काप

एका गटातून दहा ते पंधरा ठिकाणी माती घ्यायची, नागमोडी चालत. एका रांगेत घेतली तर नेमकी सरीच्या किंवा ठिबकच्या ओळीची माती सापडते आणि तिचा सामू बाकीच्या वाफ्यासारखा असतोच असे नाही.

प्रत्येक ठिकाणी वरचा पालापाचोळा आणि काड्या हाताने बाजूला करा. माती खरडून काढायची नाही. मग फावड्याने इंग्रजी व्ही अक्षरासारखा, १५ सेंटिमीटर खोल खड्डा घ्या. खड्ड्यातली माती बाजूला टाका. आता खड्ड्याच्या एका सरळ बाजूवरून वरपासून तळापर्यंत दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा काप फावड्यावर उतरवा. कापाच्या दोन्ही कडा खुरप्याने छाटून मधली दोन बोटे रुंद पट्टी तेवढी बादलीत टाका.

एवढा खटाटोप का? खुरप्याने नुसती माती उकरली तर वरची माती जास्त येते आणि तळाची कमी. खत, राख, चुना हे सगळे वर पडते, त्यामुळे वरच्या पाच सेंटिमीटरचा सामू खालच्यापेक्षा चक्क एका अंकाने वेगळा असू शकतो. सारख्या जाडीची पट्टी घेतली की वरची आणि खालची माती सारख्या वजनाने बोलते. न खणता, वरून आच्छादन देऊन वाफे ठेवत असाल तर ०–५ आणि ५–१५ सेंटिमीटरचे नमुने वेगळेच करा. तुमच्याकडे हा फरक मोठाच निघण्याची शक्यता आहे.

बादली प्लॅस्टिकची आणि स्वच्छ धुतलेली. जस्ताचा मुलामा दिलेली बादली सामूला फारशी बाधत नाही, पण त्याच नमुन्यातून पुढे सूक्ष्म अन्नद्रव्ये तपासायची झाली तर जस्ताचा आकडा खोटा येतो. राख किंवा चुना हाताळलेले हात आधी धुवा.

चार भाग करून निम्मे टाकणे

बादलीतली ढेकळे फोडा, खडे आणि मुळे वेचा आणि माती चांगली कालवा. स्वच्छ कागदावर तिचा सपाट गोल करा, बोटाने अधिक चिन्हासारख्या रेघा ओढून चार भाग पाडा. समोरासमोरचे दोन भाग टाकून द्या, उरलेले दोन पुन्हा कालवा, पुन्हा चार भाग. अर्धा किलो उरेपर्यंत हे चालू ठेवायचे. मूठभर माती वरून उचलून घेण्याचा मोह होतो, पण कोरडी माती कालवली की बारीक कण खाली आणि भरड कण वर जातात. वरच्या मुठीत पूर्ण माती येत नाही.

हा अर्धा किलो सावलीत, हवेशीर जागी पसरून वाळवा. उन्हात किंवा भट्टीत नको. वाळल्यावर लाकडी लाटण्याने हलकेच फोडून २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. चुनखडीचे खडे असतील तर ते कुटून मातीत मिसळू नका. ते चाळणीवरच राहू द्यावेत, फक्त वहीत नोंद करा.

पिशवीवर गटाचे नाव, तारीख आणि खोली लिहा. हे मी एकदा «नंतर लिहू» म्हणून टाळले आणि तीन सारख्या पिशव्यांकडे बघत बसलो.

मोजायला काय वापरावे

लिटमस कागदापासून सुरुवात करतो, कारण तो सगळ्यांना शाळेपासून माहीत असतो. इथे तो निरुपयोगी. त्याचा रंग साधारण ४.५ ते ८.३ या पट्ट्यात हळूहळू बदलतो आणि भाजीच्या जवळजवळ सगळ्या जमिनी याच पट्ट्यात बसतात.

व्हिनेगर आणि खायच्या सोड्याचा घरगुती प्रयोग निम्मा कामाचा. कोरड्या मातीवर व्हिनेगर टाकून फसफसले तर मातीत मोकळा चुना आहे, म्हणजे सामू बहुधा ७.५ च्या आसपास किंवा वर. ही माहिती खरी आहे आणि पुढे कामी येते. पण सोड्याच्या पाण्याने माती फसफसली नाही म्हणून ती आम्ल नाही, असे ठरत नाही. भाजीला नडणारी आम्लता सोडा फसफसवण्याइतकी क्वचितच असते. जांभळ्या कोबीच्या रसाचा रंग आम्लात गुलाबी, उदासीन पाण्यात जांभळा-निळा आणि अल्कात हिरवा होतो. मुलांना दाखवायला छान, चुन्याचे माप ठरवायला नको.

मातीत थेट खुपसायचे दोन काड्यांचे, बिनबॅटरीचे मीटर दिसायला सोपे असतात. त्यात दोन वेगळे धातू असतात आणि मातीच्या ओलाव्यातून वाहणाऱ्या इवल्याशा विजेवर काटा हलतो. ती वीज सामूइतकीच, किंबहुना जास्तच, ओलावा आणि क्षारांवर अवलंबून असते. माझ्याकडच्या अशा मीटरने आठही वाफ्यांत ७ दाखवले होते. सध्या त्याला मी रोपांचा दोर बांधतो.

उरतात तीन भरवशाचे मार्ग: अरुंद पट्ट्याचा पीएच कागद, रंगद्रवाचा संच आणि काचेच्या टोकाचा इलेक्ट्रॉनिक मीटर. कागद आणि संच अर्ध्या अंकापर्यंत सांगतात, आणि चुना घालायचा की नाही एवढे ठरवायला ते पुरे आहे. मीटर नीट सांभाळला तर एक-दशांशापर्यंत जातो. नाही सांभाळला तर दशांश चिन्हासह चुकीचा आकडा देतो.

मातीचे पाणी तयार करणे

वाळलेली, चाळलेली माती २० ग्रॅम आणि डिस्टिल्ड पाणी ५० मिलिलिटर. हे १:२.५ चे प्रमाण अनेक प्रयोगशाळा वापरतात. काही ठिकाणी १:१ घेतात, ऑस्ट्रेलियात १:५. पाणी वाढले की आकडा सहसा थोडा वर सरकतो. म्हणून कोणतेही एक प्रमाण धरा, पण धरलेले सोडू नका.

नळाचे किंवा विहिरीचे पाणी चालत नाही, त्यातले बायकार्बोनेट आकडा वर ढकलतात. डिस्टिल्ड पाण्याचा स्वतःचा सामू हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ७ ऐवजी ५.६ च्या आसपास दिसतो. ते बघून घाबरू नका. त्या पाण्यात प्रतिकाराची ताकदच नसते, माती पडली की ते मातीचेच होते.

काचेच्या काडीने ढवळा, आणि पुढचा अर्धा तास पाच-सहा मिनिटांनी पुन्हा ढवळत राहा. लगेच मोजलेला आकडा कच्चा असतो.

पीएच कागद वापरताना गाळ बसू द्या आणि वरच्या नितळ पाण्यात कागद बुडवा. चिकण मातीत पाणी तासभर गढूळच राहते, तेव्हा गाळण-कागदाची घडी गढूळ पाण्यात टेकवा आणि आत झिरपलेल्या थेंबाला पीएच कागद लावा. रंग दिवसाच्या उजेडात, पण थेट उन्हात न धरता बघा. पिवळ्या दिव्याखाली हिरवा रंग पिवळट दिसतो आणि माती आहे त्याहून आम्ल भासते. रंगद्रवाच्या संचात पांढरी पूड मिळते, ती बेरियम सल्फेट. चिकण माती खाली बसवण्यासाठी ती असते, वगळू नका.

मीटर असेल तर रोज, प्रत्येक वेळी, आधी बफर, म्हणजे ठरलेल्या सामूचे द्रावण, मोजून मीटर जुळवून घ्या. पहिल्यांदा ७ चा, मग माती आम्ल असण्याची शंका असेल तर ४ चा, अल्क असेल तर ९.२ किंवा १० चा. मधे डिस्टिल्ड पाण्याने टोक धुवा आणि मऊ कागदाने टिपून घ्या, घासू नका. घासल्याने काचेवर विजेचा भार साचतो आणि आकडा डुगडुगतो. वापरलेला बफर बाटलीत परत ओतू नये. मीटरवर शंका आलीच तर खायचा सोडा पाण्यात विरघळवून मोजा. ८.३ च्या जवळ यायला हवे.

मोजण्याच्या क्षणी पुन्हा एकदा ढवळा, टोक पाण्यात बुडवा, तळाला टेकवू नका, आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. गाळात आणि वरच्या नितळ पाण्यात आकडा वेगळा येतो, म्हणून प्रत्येक नमुन्याला टोक त्याच उंचीवर धरा. एका गटातल्या मातीचे तीन पेले करा. तिघांत ०.२ पर्यंत फरक चालतो. जास्त आला तर माती नीट कालवली नव्हती, पुन्हा करा. काम झाल्यावर टोक पोटॅशियम क्लोराइडच्या द्रवात ठेवायचे. डिस्टिल्ड पाण्यात ठेवले तर ते हळूहळू निकामी होते.

खतांचे क्षार किंवा हंगामाचा परिणाम टाळायचा असेल तर पाण्याऐवजी कॅल्शियम क्लोराइडचे पातळ द्रावण वापरतात, एका लिटरला १.४७ ग्रॅम डायहायड्रेट. आकडा साधारण अर्ध्या अंकाने खाली येतो पण वर्षावर्षांची तुलना जास्त खरी होते. प्रयोगशाळेचा अहवाल हातात आला की तो पाण्यातला आहे की कॅल्शियम क्लोराइडमधला, हे आधी बघा. या दोन पद्धतींचे आकडे एका रांगेत मांडून मोठी भांडणे झालेली मी पाहिली आहेत.

आता काय टाकायचे, किती

६.० ते ७.० आले तर काहीही टाकू नका.

कमी आले तर बारीक दळलेली चुनखडी. पण सामूवरून थेट चुन्याचे माप निघत नाही, हे समजून घ्यावे लागते. पाण्यात मोजली जाते ती फक्त मोकळी आम्लता. तिच्या कितीतरी पट आम्लता चिकणमातीच्या आणि सेंद्रिय पदार्थांच्या कणांना चिकटलेली असते आणि चुना टाकला की ती बाहेर येत राहते. त्यामुळे ५.३ ची वाळूसर माती आणि ५.३ ची चिकण माती यांची भूक फार वेगळी. एक अंक वर आणायला ढोबळ मानाने चौरस मीटरला वाळूसर मातीत १५०–२०० ग्रॅम, मध्यम मातीत ३००–३५०, चिकण मातीत ४००–५०० ग्रॅम चुनखडी लागते. नेमके माप हवे असेल तर प्रयोगशाळेत «चुन्याची गरज» अशी वेगळी तपासणी सांगा. ती बफर द्रावणाने होते.

एका वेळी २५० ग्रॅमच्या वर देऊ नये. जास्त लागत असेल तर दोन हप्ते, मधे सहा महिने. १५ सेंटिमीटरपर्यंत मातीत मिसळा, वरून भुरभुरलेली चुनखडी जागची हलत नाही. भिजवलेला चुना जास्त तिखट असतो, १०० ग्रॅम चुनखडीचे काम ७४ ग्रॅमच करतो, आणि हात-डोळे भाजतो. न भिजवलेली कळी तर वाफ्यात नकोच. ताजे शेणखत किंवा अमोनियमचे खत आणि चुना एकाच दिवशी मिसळला तर नत्र अमोनिया होऊन उडून जाते, नाकालाच कळते. काही आठवड्यांचे अंतर ठेवा. जिप्समने सामू वाढत नाही, त्यात कॅल्शियम असले तरी. ते सोडियमने चोपण झालेल्या जमिनीचे औषध आहे.

जास्त आले तर आधी व्हिनेगर टाकून बघा. फसफसले नाही तर गंधकाची भुकटी, एक अंक खाली आणायला वाळूसर मातीत चौरस मीटरला ५०–७५ ग्रॅम, मध्यम मातीत ७५–१००. मातीतले जिवाणू गंधकाचे आम्ल करतात. त्यांना ऊब आणि ओल लागते, म्हणून परिणाम दिसायला काही महिने जातात.

फसफसले तर गंधकाचा नाद सोडा. हिशेब असा. एक चौरस मीटर, १५ सेंटिमीटर खोल मातीचे वजन जवळपास १९५ किलो भरते. तिच्यात फक्त १ टक्का चुनखडी धरली तरी ती झाली दोन किलोच्या घरात, आणि तेवढी नुसती संपवायला ६०० ग्रॅमहून जास्त गंधक हवे. सामू उतरायला सुरुवात त्यानंतर. अशा मातीत सेंद्रिय खत वाढवा, लोह-जस्त फवारणीतून किंवा चिलेट स्वरूपात (सेंद्रिय रेणूत धरून ठेवलेले, म्हणजे मातीत जखडत नाही) द्या, आणि राख टाकणे थांबवा. वरच्या कोपऱ्यात मी एवढेच केले. तिथे आता पालक आणि बीट लावतो, मिरची हलवली.

खालच्या दोन वाफ्यांना मध्यम माती धरून २०० ग्रॅम चुनखडी दिली, अमोनियम सल्फेट बंद केले. वर्षभराने, त्याच हंगामात, त्याच प्रमाणात पाणी घेऊन मोजले तेव्हा ५.३ चे ५.९ झाले होते. दुसरा हप्ता अजून पिशवीत आहे. वहीत त्या ओळीसमोर लिहून ठेवले आहे: १:२.५, डिस्टिल्ड, ०–१५, घेवड्यानंतर.